ओठावरची खपली, तळव्यावरचा डाग: कोकणातल्या उन्हात राबणाऱ्यांसाठी

माझे काका चाळीसेक वर्षं समुद्रावर गेले. आधी वल्हवायच्या होडीवर, नंतर इंजिनाच्या. साठी ओलांडल्यावर त्यांच्या खालच्या ओठावर एक खपली धरली. ती पडायची, खालून थोडं रक्त यायचं, मग परत खपली धरायची. "खारो वारो लागलो व्हटाक, आणि काय," म्हणत त्यांनी तूप लावलं, खोबरेल लावलं, दुकानातून मलमाच्या ट्यूबा आणल्या. एका दवाखान्यात जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. असं करता करता चौदा महिने गेले. शेवटी माझ्या चुलत बहिणीने त्यांना हट्टाने बांबोळीला, गोव्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे ओठाचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं की हा त्वचेचा कर्करोग आहे.

काका बरे झाले, हे आधीच सांगून टाकते. पण ते चौदा महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या काळात मी या रोगाबद्दल जे जे वाचलं, ते जवळजवळ सगळं गोऱ्या लोकांसाठी लिहिलेलं होतं. अंगावरचे तीळ मोजा, क्रीम लावा, वाळूत उघड्याने पडून राहू नका. काकांच्या अंगावरचा एकही तीळ बिघडलेला नव्हता, आणि वाळूत पडून राहायला त्यांना कधी सवड मिळाली नव्हती. आपल्याकडे हा रोग बऱ्याचदा वेगळ्या जागी आणि वेगळ्या रूपात येतो, त्यामुळे तो ओळखायलाही वेगळं शिकावं लागतं. मी डॉक्टर नाही. काकांच्या आजारपणात आणि नंतर जाणकारांना पुन्हापुन्हा विचारून जे पक्कं केलं, ते होडीवर, सड्यावर (कातळाच्या माळावर), बागेत, मिठागरात, चिरेखाणीत राबणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी क्रमाने मांडते आहे.

आधी रोगाची ओळख

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मुख्यतः तीन तऱ्हेच्या पेशी असतात. ज्या पेशीत बिघाड होतो, तिच्यावरून कर्करोगाला नाव पडतं. थराच्या तळाशी बेसल पेशी असतात. त्यांच्यापासून होतो तो बेसल सेल कार्सिनोमा. तो बहुधा नाक, गाल, पापणी, कपाळ इथे येतो आणि सावकाश वाढतो. शरीरात दुसरीकडे तो सहसा जात नाही, पण आहे तिथली जागा पोखरत राहतो. त्या पेशींच्या वर चपट्या पेशी असतात, त्यांचा तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. काकांना झाला तो हाच. हा वेळेत काढला नाही, तर मानेतल्या, काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींपर्यंत पोचू शकतो. तिसरा मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो सगळ्यांत कमी जणांना होतो आणि सगळ्यांत घातक असतो, कारण तो खोल उतरून लवकर पसरतो.

उन्हातल्या ज्या किरणांमुळे नुकसान होतं, ते अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. त्यातले यूव्हीबी किरण कातडी भाजतात. यूव्हीए त्याहून खोल जातात आणि गाडीच्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात. दोन्ही मिळून पेशीच्या आतल्या डीएनएला इजा करतात. शरीर ती दुरुस्त करत असतं, पण एखादी दुरुस्ती राहून जाते आणि अशा राहिलेल्या चुका वर्षानुवर्षं साठत जातात. म्हणून विशीतलं ऊन साठीत दिसतं.

"आम्ही काळी माणसं, आम्हाला काय ऊन बाधतंय," हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्यात तथ्य आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं पसरतं आणि बराच मारा अडवतं. त्यामुळेच भारतात हा रोग युरोप-ऑस्ट्रेलियाच्या मानाने खूप कमी आहे. पण ही छत्री सगळंच अडवत नाही, आणि तीस-चाळीस वर्षं रोज आठ तास उन्हात काढणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो. हाम्बुर्ग बंदरातल्या खलाशांच्या राठ, डागाळलेल्या कातडीवर कर्करोग उगवतो, हे पॉल उन्ना या जर्मन डॉक्टरांनी १८९४ सालीच लिहून ठेवलं होतं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून काढलेला अंदाज असा की मेलॅनोमा सोडून इतर त्वचाकर्करोगांनी होणाऱ्या दर तीन मृत्यूंमधला जवळजवळ एक उघड्यावर उन्हात काम केल्यामुळे होतो. २०१९ या एका वर्षात असे सुमारे १९ हजार मृत्यू झाले. हे मजुरीच्या उन्हाचे बळी आहेत. आपल्याकडे या आजाराकडे अजून कुणी कामाचा आजार म्हणून बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पायरी पहिली: महिन्यातून एकदा अंग बघा

हे काम फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या भरती-ओहोटीचा हिशोब घरोघरी असतोच, त्यातलाच एखादा दिवस ठरवून टाका. आंघोळीनंतर, दिवसाच्या उजेडात, अंगणाकडच्या खिडकीपाशी बसा. पाठ आणि तळवे दुसऱ्याने बघायचे. नवऱ्याने बायकोचे, सुनेने सासूचे, नातवाने आज्याचे. एकट्या माणसाने आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाऊल धरावं.

सुरुवात खालच्या ओठापासून करा. तोंड वर करून समुद्राकडे बघणाऱ्याचा, जाळं ओढणाऱ्याचा खालचा ओठ वरच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊन खातो, कारण तो थोडा बाहेर आलेला असतो आणि आकाशाकडे तोंड करून असतो. कर्करोग होण्याआधी कित्येक वर्षं हा ओठ इशारे देत असतो. तो कोरडा पडतो, पापुद्रे सुटतात, पांढुरके चट्टे येतात, ओठ आणि हनुवटीची कातडी यांच्यातली रेघ पुसट होते. या टप्प्यावर दाखवलं तर उपाय सोपे असतात. काकांच्या ओठाची ती रेघ कधीच पुसली गेली होती. जुन्या फोटोंत आम्हाला ती नंतर दिसली. जोडीला तंबाखू आणि विडी असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून ओठ उलटा करून आतली बाजूही बघा.

मग नाक, गाल, डोळ्यांचे कोपरे, कानाच्या कडा आणि कानामागची जागा. बेसल सेलचा फोड गोऱ्या माणसात मोत्यासारखा चमकतो असं पुस्तकं सांगतात. आपल्या कातडीवर तो बऱ्याचदा काळसर असतो, म्हणून मस किंवा तीळ समजून लोक सोडून देतात. त्याची कडा किंचित उचललेली असते, मधे खड्डा पडतो, तोंड पुसताना रक्त येतं. कपाळावर, टकलावर, हातांच्या मागच्या बाजूला हात फिरवून बघा. डोळ्यांना फारसं काही दिसत नाही, पण बोटाला सँडपेपरसारखा खरखरीत चट्टा लागतो. अशा चट्ट्यांपैकी काहींचा पुढे स्क्वॅमस कर्करोग होऊ शकतो.

आता आपल्याकडची खास गोष्ट, जुने व्रण. लहानपणी चुलीत पडून भाजलेला हात, भात उकडताना पायावर सांडलेलं पाणी, वर्षानुवर्षं वाहणारी पायाची जखम, कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाचा न भरलेला खड्डा. अशा जागी वीस-तीस वर्षांनीही कर्करोग उगवू शकतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध असतोच असं नाही. कित्येक वर्षं शांत असलेला व्रण अचानक फुटला, त्यातून कोबीसारखं मांस वर आलं, घाण वास यायला लागला, तर "जुनंच दुखणं उठलंय" म्हणून गप्प बसू नका.

कंबरही बघायची. १९४५ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी आपल्या वेशभूषेशी जोडलेल्या एका कर्करोगाचं वर्णन जगासमोर मांडलं. धोतर रोज त्याच जागी आवळून बांधल्याने कमरेची कातडी घासत राहते, काळी पडते, चिरते आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. पुढे साडीच्या आणि परकराच्या नाडीमुळे बायकांनाही हेच होतं असं दिसून आलं. असे रुग्ण थोडे असतात. तरी कमरेच्या काळ्या पट्ट्यावर भेग पडून ती भरत नसेल तर दाखवायला हवं. नाडीऐवजी रुंद पट्टी, आणि ती रोज थोडी वर-खाली बांधणं, एवढ्याने बराच फरक पडतो. माझ्या आईने हे दोन महिने केलं, आणि चाळीस वर्षांची तिची खाज गेली.

सगळ्यांत शेवटी पाय. घाईत हेच राहतात. आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या लोकांना मेलॅनोमा झालाच, तर तो बहुतेकदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली होतो. उन्हाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे आयुष्यभर घरात बसलेल्यालाही होऊ शकतो. कालवं काढणाऱ्या, खडकावर अनवाणी फिरणाऱ्या आपल्या बायकांचे पाय शिंपल्यांनी कापलेले असतातच. त्यात एखादा काळा डाग कुणाच्या लक्षात येणार? कुरूप समजून ब्लेडने खरवडतात. नखाखालचा काळा पट्टा दार आपटून रक्त साकळलंय असं समजतात. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं आणि काही महिन्यांत नाहीसं होतं. पट्टा जागचा हलत नसेल, एकाच बोटाच्या नखावर असून रुंद होत असेल, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर थांबू नका. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्यात असाच मेलॅनोमा निघाला. १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये तो गेला. वय होतं ३६. आपल्या कातडीच्या माणसांना हा रोग होत नाही असं कुणी म्हटलं की मला तो आठवतो. मात्र दोन-चार नखांवर फिक्या तपकिरी रेघा आपल्याकडे अनेकांना असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही.

अंगावरच्या तिळांसाठी डॉक्टरांची एक साधी पद्धत आहे. तिळाच्या मधून मनात रेघ ओढा: दोन्ही अर्धे वेगवेगळे दिसतात का? कड वेडीवाकडी आहे का? एकाच तिळात काळा, तपकिरी, लालसर, निळसर असे रंग मिसळलेत का? तो ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा आहे का? आणि तो बदलतोय का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. बाकी सगळ्या तिळांपेक्षा जो एकटा वेगळा दिसतो, त्याच्याकडे आधी बघा. शंका वाटली तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलने फोटो काढा आणि पंधरा दिवसांनी तसाच दुसरा काढा.

आंब्याचा किंवा काजूचा चीक उडून पडलेले काळे डाग, गालावरचा वांग, म्हातारपणी पाठीवर येणारे मेणचट मस हे कर्करोग नव्हेत. वेळेचा नियम एकच ठेवा. कुठलीही जखम, खपली, फोड चार आठवड्यांत भरला नाही, किंवा भरून परत उघडला, की डॉक्टरकडे. दुखत नसला तरी. काकांना एक दिवसही दुखलं नव्हतं.

पायरी दुसरी: आपलं ऊन ओळखा

कोकणात सूर्य बाराला डोक्यावर येत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातून जाणाऱ्या रेषेवर चालतं. आपण तिच्यापासून नऊ-दहा अंश पश्चिमेला आहोत. त्यामुळे आपली खरी मध्यान्ह वर्षभरात साधारण १२:२० ते १२:५० या दरम्यान येते, मे महिन्यात साडेबाराच्या सुमाराला. "बारा वाजले, आता ऊन उतरेल" हा अंदाज इथे चुकतो. अडीच-तीनपर्यंत ऊन कडकच असतं. सकाळी दहा ते दुपारी चार हा जपायचा काळ, आणि त्यातही अकरा ते अडीच सगळ्यांत वाईट.

घड्याळ नसलं तरी सावली आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली की आडोसा शोधायचा. मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या खांबाला सावलीच पडत नाही, सूर्य बरोबर माथ्यावर असतो. पावसाळ्यात, ऑगस्टच्या आसपास, असा आणखी एक दिवस येतो, पण ढगांमुळे तो कुणी बघत नाही. अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा यूव्ही इंडेक्स आता मोबाइलच्या हवामानाच्या ॲपमध्ये दिसतो. ३ पासून काळजी घ्यायची, ८ च्या पुढे अति, ११ च्या पुढे आत्यंतिक. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावर दुपारी तो ११ ओलांडतो.

समुद्रावरचा वारा फसवतो. दुपारचा खारा वारा सुटला की चटका कमी होतो, पण वाऱ्याने अतिनील किरण कमी होत नाहीत. ढगही फसवतात. पातळ ढगातून यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण खाली येऊ शकतात. आषाढातला काळाकुट्ट ढग बरंच अडवतो, पण पावसाने उघडीप दिलेल्या लावणीच्या दिवसांत कमरेत वाकून काम करणाऱ्या बायकांची मान आणि चोळी-साडीमधली पाठ तासन् तास आकाशाकडे असते. शिवाय खालूनही किरण येतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि फेसाळ लाट सुमारे २५ टक्के किरण परत फेकते. म्हणून किनाऱ्यावर छत्रीखाली बसूनही माणूस रापतो.

पायरी तिसरी: आधी कापड, मग क्रीम

सल्ले देणारे क्रीमपासून सुरुवात करतात. मी मुद्दाम कापडापासून करते, आणि त्यामागे हिशोब आहे. सनस्क्रीन ठरलेल्या जाडीने सगळ्या अंगाला लावायचं तर एका वेळी सुमारे ३० ग्रॅम लागतं. दर दोन तासांनी परत लावायचं. आठ तासांच्या कामाला चार वेळा, म्हणजे १२० ग्रॅम. ५० ग्रॅमच्या दोन ट्यूबा रोज संपवून तिसरीला हात घालावा लागेल. कुठल्या मच्छीमाराला, कुठल्या आंबा काढणाऱ्या गड्याला ते परवडेल? लांब बाह्यांचा सदरा एकदाच घ्यावा लागतो.

कापड उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड जास्त अडवतं. पातळ पांढरा सुती सदरा भिजला की त्याचं संरक्षण आणखी कमी होतं, आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना तो भिजतोच. म्हणून समुद्रावर जाणाऱ्यांसाठी लवकर सुकणारा, गडद, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चांगला. गरम होईल म्हणाल, तर थोडं होतं, पण तो सैल घेतला की वारा खेळतो.

डोक्याला पुढे चोच असलेली टोपी घालतात, तिने कान आणि मान उघडीच राहते. चहूबाजूंनी किमान चार बोटं रुंद कड असलेली टोपी हवी. होडीवर ती वाऱ्याने उडते, म्हणून हनुवटीखाली नाडी शिवून घ्या. ते जमत नसेल तर पंचा डोक्यावरून घेऊन कान, मान आणि खालचा ओठ झाकेल असा गुंडाळा. मिठागरांवर काम करणाऱ्या बायका तोंडावरून फडकं बांधतात. ते मला कुठल्याही महागड्या क्रीमपेक्षा शहाणपणाचं वाटतं, कारण पांढऱ्या मिठावरून परत येणारे किरणही त्याने अडतात. पूर्वी लावणीला पानांचं इरलं असायचं. ते डोकं आणि पाठ दोन्ही झाकायचं, पावसात आणि उन्हातही. आताची पारदर्शक प्लॅस्टिकची खोळ पाऊस अडवते, अतिनील किरण फारसे अडवत नाही. खोळीखाली पूर्ण बाह्यांचं कापड असू द्या. होडीवर ताडपत्रीचं छप्पर, सड्यावर काजूच्या बिया गोळा करताना जेवायला झाडाची सावली आणि मुकादमाशी बोलून चिरेखाणीचं जड काम सकाळी सहा ते दहात उरकणं, हे सगळं संरक्षणच आहे.

उरलेल्या जागांना क्रीम: चेहरा, कान, मान, पंजांची मागची बाजू, पावलांची वरची बाजू. एसपीएफ (यूव्हीबी किती अडतं ते सांगणारा आकडा) ३० किंवा जास्त आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही अडवणारं, असं लिहिलेलं घ्या. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका. यूव्हीए किती अडतं ते 'पीए' पुढच्या अधिकच्या चिन्हांवरून कळतं. तीन तरी असावीत. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन सबंध रेघा काढल्या की चेहऱ्याला-मानेला पुरेसं होतं. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि घाम पुसल्यावर, पाण्यात जाऊन आल्यावर परत लावा. ओठांना एसपीएफ असलेला लिप बाम मिळतो, तो खिशात ठेवा. वांगाचा त्रास असेल त्यांनी कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. त्यातल्या लोहाच्या संयुगामुळे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही थोडा अडतो, आणि वांग त्यानेही गडद होतो.

खोबरेल तेलाने कातडी मऊ राहते, ऊन अडत नाही. त्याच्या भरवशावर कुणालाही दुपारी समुद्रावर पाठवू नका.

सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम लावायचं नाही, सावलीतच ठेवायचं. अंगात जन्मतःच रंगद्रव्य नसलेलं, पांढऱ्या केसांचं, उजेडात डोळे बारीक करणारं मूल घरात असेल, तर वर लिहिलेलं सगळं त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासून आणि आयुष्यभर. त्याच्याकडे ती मेलॅनिनची छत्रीच नसते. शाळेत त्याला खिडकीपासून दूर बसवा, कवायतीतून सूट मागा आणि वर्षातून एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांनीही तसंच, कारण त्यांची औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात.

पायरी चौथी: कातडी उन्हाला हळवी करणारी औषधं

भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून लागणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात. त्या घ्यायच्याच, लेप्टोने माणसं दगावतात. पण या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते आणि लवकर भाजते, म्हणून त्या दिवसांत कापडाची काळजी दुप्पट घ्या. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते वर्षानुवर्षं घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढतो असं आढळलं आहे. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढंच विचारा की मी दिवसभर उन्हात असतो, दुसरी चालेल का.

कोडाच्या डागांवर बावचीचं तेल लावून उन्हात बसायचा सल्ला कुणीही देतं. बावचीतला घटक ऊन पडताच कातडीला भाजतो, मोठे फोड येतात. हे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचे. लिंबू पिळून हात न धुता उन्हात गेल्यानेही असेच फोड आणि काळे डाग येतात. किनाऱ्यावर सरबताच्या गाड्या चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पायरी पाचवी: दाखवायला जाताना

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, पण तिथे फक्त मलम घेऊन परतू नका. सांगायचं असं: "ही जखम अमुक महिन्यापासून आहे, इतक्या वेळा भरून उघडली, तुकडा तपासायला हवा का?" हा प्रश्न आम्ही चौदा महिन्यांत एकदाही विचारला नाही. ट्यूबा, जुन्या चिठ्ठ्या, फोटो बरोबर न्या. त्वचारोगतज्ज्ञ अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथल्या जिल्हा रुग्णालयांकडे गेलात तर भेटतील. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, मुंबईत परळचं टाटा. सिंधुदुर्गातले आम्ही बहुतेक जण बांबोळी गाठतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. राज्याबाहेर जाणार असाल तर योजना तिथे चालते का, हे निघण्याआधीच विचारून घ्या.

तुकडा तपासणे, म्हणजे बायोप्सी, याला लोक फार घाबरतात. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य काकांनाही चार जणांनी ऐकवलं. पसरत नाही. बायोप्सीविना निदान होत नाही आणि निदानाविना जो वेळ जातो, त्यात तो पसरतो. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. मस किंवा डाग चुना-खार लावून जाळण्याची आपल्याकडे रीत आहे. तसं कधी करू नका. वरचा डाग जातो, खाली रोग राहतो, आणि नंतर तपासणाऱ्याला मूळ काय होतं ते कळत नाही.

लवकर सापडलेल्या बेसल आणि स्क्वॅमस कर्करोगावर बहुतेकदा छोटी शस्त्रक्रिया पुरते. डाग आणि त्याभोवतीची थोडी निरोगी कातडी काढून कडा स्वच्छ आहेत ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही जागी किरणोपचार देतात. मेलॅनोमा किती खोल गेला ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं. तिथे एकेक महिना मोलाचा. अहवालाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा आणि फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. एकदा झालेल्याला दुसऱ्या जागी परत होण्याची शक्यता असते, म्हणून बरं झाल्यावरही तपासणी सुटता कामा नये.

काकांच्या ओठाचा पाचर कापल्यासारखा तुकडा काढला. सुरुवातीला शिट्टी वाजवता येत नाही म्हणून ते खट्टू होते, आता वाजवतात. वर्षातून दोनदा पहाटेच्या गाडीने तपासणीला जातात, मान चाचपून घेतात, संध्याकाळी परत येतात. होडीवर रुंद कडेची टोपी आता त्यांचा मुलगा घालतो. तिची नाडी काकूने शिवून दिली आहे.